एका भुकटीचे दिवस

१० जून, सोमवार

रात्रभर पाऊस. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळ्याची गुलाबी झालेली. सकाळी आधी ती ओव्हनमध्ये टाकली आणि मग शनिवारी गाळलेली भुकटी बाहेर काढली. आयर्न टेट्राफ्लुओरोबोरेट आणि १,२,४-ट्रायाझोल यांची द्रावणं एकत्र करायची, फेरस लोहाचं फेरिक होऊ नये म्हणून चिमूटभर ॲस्कॉर्बिक ॲसिड घालायचं आणि एक रात्र हात लावायचा नाही. तळाशी जांभळट गुलाबी साका बसतो. एमएस्सीच्या पोरांनाही जमेल इतकं सोपं काम, आणि तरी जगभरच्या प्रयोगशाळा पंचेचाळीसेक वर्षं या भुकटीच्या मागे आहेत.

काचपट्टीवर पातळ थर देऊन हॉट प्लेटवर ठेवली. शंभरपर्यंत काहीच नाही. एकशे दहाच्या पुढे कडेकडेनं रंग उडू लागला आणि बघता बघता सगळी भुकटी पांढरी झाली. मग प्लेट बंद केली. नव्वद, पांढरी. ऐंशी, पांढरीच. सत्तरीच्या आसपास आल्यावर जांभळा रंग परत आला. पुस्तकातले आकडे साधारण ३८५ केल्विन चढताना आणि ३४५ केल्विन उतरताना, म्हणजे ११२ आणि ७२ अंश सेल्सिअस. आपल्या हॉट प्लेटच्या काट्यावर फार विश्वास न ठेवता जुळलं म्हणायला हरकत नाही.

नवी पीएचडीची विद्यार्थिनी शेजारी उभी होती. तिनं नेमका प्रश्न विचारला : "मॅडम, मग नव्वद अंशांना हिचा खरा रंग कुठला?"

कुठून आली त्यावर. खालून तापत आली तर जांभळी, वरून निवत आली तर पांढरी. त्या चाळीस अंशांच्या पट्ट्यात पदार्थाला स्वतःचा भूतकाळ आठवतो. हिस्टेरिसिस म्हणतात ते हेच, आणि स्मृती साठवण्यासाठी हा पदार्थ वापरता येईल ही कल्पना इथूनच निघाली.

१२ जून, बुधवार

विद्यार्थिनीला मूळ गोष्ट समजावून सांगायला फेरोइनची बाटली घेतली. रेडॉक्स टायट्रेशनमुळे ती प्रत्येक कॉलेजात असते. लालभडक द्रावण : एक फेरस आयन, भोवती फिनॅन्थ्रोलिनचे तीन रेणू, एकूण सहा नायट्रोजन.

फेरस आयनात सहा डी-इलेक्ट्रॉन असतात. भोवतीच्या सहा नायट्रोजनांमुळे पाच कक्षकांचे दोन गट पडतात, तीन खाली आणि दोन वर. मधलं अंतर मोठं असेल तर सहाही इलेक्ट्रॉन खाली जोड्या करून बसतात. एकही सुटा उरत नाही, म्हणून चुंबकाला प्रतिसाद जवळजवळ शून्य. ही लो स्पिन अवस्था, फेरोइनची. अंतर लहान असेल तर दोन इलेक्ट्रॉन वर जातात, चार सुटे राहतात आणि लोह पॅरामॅग्नेटिक होतं. ही हाय स्पिन.

आता फेरोइनमधला एक फिनॅन्थ्रोलिन काढून त्या जागी दोन थायोसायनेट लावा. अंतर ना मोठं ना लहान. हे संयुग १७५ केल्विनच्या खाली लो स्पिन आणि वर हाय स्पिन असतं, आणि उडी अगदी अचानक मारतं. याच बदलाला स्पिन क्रॉसओव्हर म्हणतात. १९६० च्या दशकात लागलेला हा शोध आजही या विषयाचं पहिलं उदाहरण म्हणून शिकवतात. त्याही आधी, १९३१ साली, इटलीत काम्बी आणि सेगो यांना लोहाच्या डायथायोकार्बामेट संयुगांचं चुंबकत्व तापमानाबरोबर विचित्रपणे बदलताना दिसलं होतं. याच कुळातल्या संयुगांच्या स्फटिकांचं चुंबकत्व १९७० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दिशेनुसार मोजलं गेलं. विद्यार्थिनीला ते पेपर काढून वाचायला सांगितलं. जुने पेपर सावकाश लिहिलेले असतात, शिकायला बरे.

तापवल्यावर हाय स्पिनच का? कारण तिथे एन्ट्रॉपी जास्त. चार सुट्या इलेक्ट्रॉनांमुळे स्पिनच्या पाच मांडण्या मिळतात, त्यांचा वाटा मोलमागे, केल्विनमागे १३.४ ज्यूल. मोजलेली एकूण वाढ मात्र बहुधा ५० ते ८० ज्यूल असते. उरलेली येते बंधांच्या सैल होण्यातून. वरचे दोन कक्षक थेट नायट्रोजनांकडे रोखलेले असतात. तिथे इलेक्ट्रॉन गेले की लोह-नायट्रोजन बंध सुमारे २.० अँगस्ट्रॉमवरून २.२ वर जातो. दहा टक्के! रसायनशास्त्रात बंधाची लांबी इतकी बदलणं ही लहान घटना नाही.

म्हणून वहीत ठळक लिहून ठेवते : नाव चुंबकत्वाचं असलं तरी खरी हालचाल आकाराची आहे. रंग, आकारमान, लवचीकपणा, उष्णता, सगळं तिच्याबरोबर हलतं.

१५ जून, शनिवार

कालपासून एकच डोक्यात : भुकटीतला प्रत्येक लोह आयन आपापल्या मर्जीनं बदलला असता तर बदल सावकाश, पसरट झाला असता. मग चाळीस अंशांची स्मृती कुठून येते?

ट्रायाझोलच्या साखळीत लागोपाठच्या दोन लोहांमध्ये तीन-तीन ताठ पूल असतात. एक लोह फुगलं की शेजारच्याला ढकलतं. गच्च भरलेल्या एसटीत एकानं कोपर हलवलं की अख्ख्या रांगेला सरकावं लागतं, तसं. आणि सगळेच अडून बसले तर कुणालाच हलता येत नाही. पहिल्या उडीला वेळ लागतो, मग मात्र सगळे एकदम. स्लिक्टर आणि ड्रिकॅमर यांनी १९७२ मध्ये ही शेजाऱ्यांमधली ओढाताण एका पदात मांडली. ते पद पुरेसं मोठं झालं की समीकरणातून हिस्टेरिसिस आपोआप निघतो. दुपारी विद्यार्थिनीनं तो आलेख संगणकावर काढून आणला. एस आकाराची रेघ स्वतःवर दुमडलेली पाहून तिचा चेहरा उजळला.

१९ जून, बुधवार

प्रयोगशाळेचे मामा गॉय बॅलन्स पुसून, लेव्हल करून देऊन गेले. या विभागात त्या तराजूची तब्येत त्यांच्याइतकी कुणालाच कळत नाही. काचनळीत भुकटी भरायची, तिचं टोक चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये लोंबकळत ठेवायचं आणि वीज सोडल्यावर वजन किती बदललं ते पाहायचं. खोलीच्या तापमानाला आमची भुकटी जवळजवळ उदासीन. लो स्पिन, ठरल्याप्रमाणे. तापमान बदलत पूर्ण वक्र हवा असेल तर नमुना बाहेर पाठवायचा, स्क्विड मॅग्नेटोमीटरच्या रांगेत. रांग लांब आहे.

वाट पाहताना मोसबॉर वर्णपटांचे जुने आलेख तिला दाखवले. हाय स्पिन फेरस दोन लांब लांब दांडे देतं, लो स्पिन बहुधा एकमेकांना चिकटलेले दोन किंवा एकच. चुंबक न लावताच दोन्ही अवस्थांचं प्रमाण वाचता येतं.

मग हिमोग्लोबिन आठवलं. १९३६ मध्ये पाउलिंग आणि कोरिएल यांनी दाखवलं की ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन पॅरामॅग्नेटिक असतं, ऑक्सिजन धरलेलं नसतं. लोहाची स्पिन अवस्था बदलते, ते लहान होतं आणि हीमच्या पातळीत सरकतं. पेरुत्झच्या मांडणीनुसार याच सरकण्यानं उरलेल्या प्रथिनाला ओढ बसते आणि पुढचा ऑक्सिजन पकडणं सोपं होतं. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी चुंबकत्वातला हाच फरक वापरून मेंदूतल्या रक्ताच्या ऑक्सिजनचं एमआरआय चित्र घेतलं. इथे बदल तापमानानं होत नाही, ऑक्सिजनच्या येण्याजाण्यानं होतो, म्हणून काटेकोर अर्थानं याला स्पिन क्रॉसओव्हर म्हणायचं नाही. पण चुंबकीय बदल आणि उपयोगाचं काम एकमेकांना इतकं बांधून ठेवलेलं दुसरं उदाहरण मला सुचत नाही. आम्ही काचेच्या भांड्यात ज्याच्यामागे आहोत ते नसांतून वाहतंच आहे.

२४ जून, सोमवार

या क्षेत्रातले अलीकडचे पेपर वाचले तर शीर्षकात एक शब्द हमखास येतो : बहुगुणी. स्पिन क्रॉसओव्हर अधिक छिद्रं, अधिक प्रकाश, अधिक वीज. विद्यार्थिनीनं प्रबंधाच्या प्रस्तावात तोच शब्द लिहून आणला. मी त्याला गोल केला. दोन गुण एकाच पदार्थात असणं वेगळं आणि एक हलला की दुसरा हलणं वेगळं. प्रस्तावात दुसरं हवं.

उदाहरणासाठी छिद्राळ पदार्थ घेतले. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात केपर्ट आणि मरे यांच्या गटानं लोहाची एक जाळी बनवली. तिच्या छिद्रांत अल्कोहोलचे रेणू असताना स्पिन बदलायचा. ते काढले की बदल थांबायचा, परत भरले की परत सुरू. पाहुणा आत आहे की नाही हे चुंबकत्व सांगत होतं.

त्याहून देखणं उदाहरण प्लॅटिनम-सायनाइडच्या पातळ्यांचं. लोह आणि प्लॅटिनम यांची सायनाइडनं जोडलेली चौकटी जाळी, आणि जाळ्यांमध्ये खांब म्हणून पायराझिन. हा पदार्थ साधारण खोलीच्या तापमानाच्या आसपासच उडी मारतो : थंड होताना २८५ केल्विनजवळ, तापताना ३१० च्या अलीकडे. म्हणजे फ्रीज आणि अंगाचा ताप यांच्यामधल्या पट्ट्यात. २००९ मध्ये जपानमध्ये ओहबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या खांबांमध्ये वेगवेगळी बाष्पं सोडली. बेंझीन शिरलं की जाळी फुगलेली राहते, लोह हाय स्पिनवर अडकतं. कार्बन डायसल्फाइड शिरलं की उलट, लोह लो स्पिनवर जातं. पाहुणा काढून घेतला तरी तापमान त्या पट्ट्यात ठेवलं तर अवस्था टिकून राहते. वास येऊन गेला, याची नोंद उरते.

इथे छिद्र आणि स्पिन हे दोन गुण वेगळे काढताच येत नाहीत.

२९ जून, शनिवार

प्रकाशाची पाळी. १९८४ मध्ये जर्मनीत माइन्ट्सला ग्यूटलिश यांच्या गटात एक थंडगार स्फटिक हिरव्या प्रकाशाखाली ठेवला गेला. टेट्राझोलचे सहा रेणू लावलेलं लोह. खोलीत ते रंगहीन असतं, थंड केल्यावर लाल-जांभळं होतं. हिरव्या प्रकाशानं ते परत रंगहीन झालं आणि तसंच राहिलं, कारण इतक्या थंडीत हाय स्पिनवरून खाली येण्याची वाट जवळजवळ बंद असते. दोन वर्षांनी हाउसर यांनी दाखवलं की लाल टोकापलीकडच्या प्रकाशानं ते परत आणता येतं. एका रंगानं लिहा, दुसऱ्यानं पुसा.

अडचण तापमानाची. साधारण ५० केल्विनच्या वर ही पकड सुटते. द्रवरूप हीलियमशिवाय टिकत नाही ती स्मृती खिशातल्या यंत्रात जायची नाही.

तरी २०११ मधलं टोकियोच्या ओहकोशी यांचं काम विद्यार्थिनीला पूर्ण वाचायला लावलं. लोह आणि नायोबियम सायनाइडनं जोडलेले. अंधारात लोह लो स्पिन, म्हणजे चुंबकीयदृष्ट्या रिकामं. एकेकटे पडलेले नायोबियम एकमेकांशी संबंध ठेवू शकत नाहीत. निळा प्रकाश पाडला की लोह हाय स्पिन होतं, मधली साखळी पूर्ण होते आणि सुमारे २० केल्विनच्या खाली सगळा पदार्थ चुंबक बनतो. याच घराण्यातल्या, आरशातल्या प्रतिमेशी न जुळणाऱ्या (किरल) एका पदार्थात २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की दुप्पट वारंवारितेच्या प्रकाशाचं ध्रुवीभवन निळ्या आणि लाल टोकापलीकडच्या प्रकाशानं ९० अंशांनी इकडून तिकडे वळवता येतं. उपयोग आज नाही. पण रचनेत एकही गुण दुसऱ्याशिवाय घडत नाही, आणि मी तिला शिकवू पाहते ते हेच.

३ जुलै, बुधवार

आज वाद झाला, चांगला. विद्यार्थिनीला प्रकाशणाऱ्या रंजकावर काम करायचं आहे : भुकटीच्या कणांवर रोडामिन बसवायचं आणि स्पिन बदलला की त्याची चमक बदलते का पाहायचं. तत्त्व बरोबर आहे. जांभळ्या अवस्थेतली भुकटी सुमारे ५४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते आणि रोडामिनची चमकही त्याच भागातली. म्हणून लो स्पिनमध्ये चमक दबते, हाय स्पिनमध्ये वाढते. फ्रान्समध्ये तूलूझच्या गटानं नॅनोकणांवर हे करून दाखवलं आहे.

माझी हरकत दुसरी. कुठलाही रंजक तापवला की तसाही मंद होतो. तेव्हा चमकेतला बदल स्पिनमुळे आहे हे म्हणायला आलेखात चढता आणि उतरता रस्ता वेगळा दिसलाच पाहिजे. तोही चुंबकीय मोजमापातल्या रस्त्यांशी जुळला पाहिजे. आणि जस्त घालून बनवलेली, कधीच न बदलणारी तशीच साखळी तुलनेला हवी. ती म्हणाली, "म्हणजे तीन पट काम, मॅडम." हो. हिस्टेरिसिस हा इथे साक्षीदार आहे, त्याला बोलावल्याशिवाय निकाल लावायचा नाही.

७ जुलै, रविवार

घरी वाचत बसले. बाहेर नुसता धुवांधार पाऊस.

आकार बदलतो म्हटल्यावर त्याच्याकडून काम करून घेणं ओघानं आलंच. पदार्थाचं आकारमान काही टक्क्यांनी बदलतं. घन पदार्थासाठी ते खूप. या पदार्थाचा थर दुसऱ्या, न बदलणाऱ्या थराला चिकटवला की तापल्यावर पट्टी वाकते. तूलूझमध्ये २०१३ साली अशा रेणूंच्या स्फटिकावर आधारित, हालचाल घडवणारे घटक (ॲक्चुएटर) दाखवले गेले. मोठा प्रश्न थकव्याचा. फुगून-आकसून स्फटिक तडकतात, कडा झिजतात, भुकटीची वाळू होते.

म्हणून २०२० मधलं त्याच गटाचं काम मला फार आवडलं. ट्रायाझोलच्याच एका नातलगाचा, निर्वातात बाष्पानं बसवलेला पातळ पापुद्रा. सुमारे ६५ अंश सेल्सिअसला बदलतो, आणि एक कोटीहून जास्त वेळा बदलूनही शाबूत राहिला. त्यांनी तो सूक्ष्म तारांवर बसवला आणि तार तापली की कुठल्या बिंदूवर ती सीमा ओलांडली जाते हे प्रकाशाच्या परावर्तनावरून वाचलं. इलेक्ट्रॉनिक चिपमधली अतिलहान गरम जागा शोधायला थर्मामीटर. त्यात चुंबक कुठेच नाही! स्पिनचा बदल आहे, पण वाचला जातो प्रकाशीय गुणानं. संगणकाच्या स्मृतीचं स्वप्न घेऊन निघालेल्या विषयानं आधी तापमापक होऊन पोट भरलं तर मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

१० जुलै, बुधवार

दाबाची गोष्ट राहिली होती. लो स्पिन लहान, म्हणून दाब दिला की पदार्थ तिकडे झुकतो. हजार वातावरणांएवढा दाब दिला तर बदलाचं तापमान साधारण दहा-वीस केल्विन वर सरकतं. दाब देताना लो स्पिन होतं, एन्ट्रॉपी घटते, उष्णता बाहेर पडते. दाब काढला की हाय स्पिन होतं आणि पदार्थ भोवतालची उष्णता ओढून घेतो. वायूशिवाय चालणाऱ्या फ्रीजचं हे तत्त्व. २०१९ मध्ये लोहाच्या एका पायराझोल संयुगात हा परिणाम फार मोठा असल्याचं दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून पेपरांचा ओघ वाढला.

इथे गंमत अशी की जे स्मृतीला हवं ते फ्रीजला नको. स्मृतीसाठी चाळीस अंशांचा रुंद हिस्टेरिसिस म्हणजे वरदान. फ्रीजमध्ये तोच प्रत्येक फेरीत ऊर्जा खातो. तिथे उडी अचानक हवी, पण चढण्या-उतरण्याचे रस्ते जवळजवळ एकच हवेत. छिद्रं मोठी केली तर लोह एकमेकांपासून दूर जातात, ढकलाढकली कमी होते, उडी पसरट होते. रंजक घातला तर कणांच्या कडा बिघडतात. प्रत्येक नवा गुण मूळ स्विचकडून काहीतरी वसूल करतो. बहुगुणी पदार्थांवरच्या लेखांत या वसुलीचा रकाना क्वचितच असतो.

१३ जुलै, शनिवार

विद्यार्थिनीशी बसून विषय ठरवला. फळ्यावर रकाने आखले : दुसरा गुण कोणता, तो स्पिनला हलवतो की स्पिन त्याला हलवतो की दोन्ही, आणि स्विचची किंमत किती. छिद्राळ जाळी : दोन्ही. ओहकोशी यांचा चुंबक : स्पिन हलवतो. पापुद्र्याचा तापमापक : स्पिन हलवतो, किंमत कमी. वीजवहन : २०११ मध्ये डेल्फ्ट आणि व्हॅलेन्सियाच्या लोकांनी नॅनोकणांवर इलेक्ट्रोड टेकवून वीजप्रवाहात हिस्टेरिसिस पाहिला आहे, पण तसलं यंत्र आपल्याकडे नाही. रेघ मारली.

बदलाचं तापमान खोलीजवळ आणायचं हे दोघींना मान्य झालं. फ्रान्समध्ये ओलिव्हिए कान यांनी १९९० च्या दशकात साधा आणि ॲमिनो असे दोन ट्रायाझोल वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून हे तापमान हवं तिथे सरकवून दाखवलं होतं. त्यांचं प्रसिद्ध मिश्रण परक्लोरेटचं. कोरडं परक्लोरेट तापवायचं नाही, स्फोट होतो. आमच्याकडे ते आणायचंच नाही असं मी स्पष्ट सांगितलं. दुसरा ऋणभारित आयन घेऊ, तापमान थोडं इकडेतिकडे होईल, चालेल.

दुसरा गुण? तिनं रंजक सोडला नाही. पण या वेळी प्रस्तावात पहिलं पान जस्ताच्या तुलनेच्या नमुन्याचं आहे आणि तिसऱ्या पानावर तिनं स्वतःहून लिहिलंय : रंजकाविना, रंजक घालून आणि रंजक धुऊन टाकल्यावर, तिन्ही वेळा चढता-उतरता वक्र मोजणार, तिन्ही सारखे आले तर गुण फक्त एकत्र आहेत, जोडलेले नाहीत असं प्रबंधात म्हणणार.

तसं निघालं तरी प्रबंध होईल, हे तिला सांगितलं. सही केली.